एका दाताचे दोन दात

कवळीकाकांना गल्लीत कुणी खऱ्या नावानं हाक मारलीच, तर वळून बघायला त्यांनाच जरा वेळ लागायचा. दाताच्या तीन डॉक्टरांकडून तोंडांची मापं यायची आणि त्यावरून काका एका लांबट खोलीत बसून कवळ्या घडवायचे. आधी प्लास्टर, मग मेण, मग चिमट्यानं एकेक दात बसवायचा आणि शेवटी घासूनपुसून चकचकीत करायचं. नुसत्या मापावरून माणूस तापट की सोशीक हे आपल्याला कळतं, असा त्यांचा दावा होता. देवाच्या कामातही ते खोट काढत. "त्याचा दात किडतो. माझा किडलेला दाखवा," एवढंच म्हणत.

दात म्हणजे कॅल्शियम, बाकी सगळ्या भाकडकथा, हे त्यांचं ठाम मत. ते घरात मांडायची वेळ आली ती त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा, ठकीचा, पहिला दात पेन्सिल चावताना पडला तेव्हा.

घरात काकांची आई होती आणि सासूबाईही होत्या. आई कायमच्याच. सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी "आठ दिवस" म्हणून आलेल्या, त्याला पाच महिने झाले होते. दोघी विहिणी कधी भांडत नसत. एकमेकींशी फार गोड बोलत, आणि तेच ऐकणाऱ्याला जड जाई.

"छपरावर टाकायचा," आई म्हणाल्या. "आमच्यात तसंच करतात."

"आमच्यात उंदराच्या बिळात घालतात. उंदराचे दात कसे बारीक नि बळकट! तसेच येतात."

"नात उंदरासारखी दिसायला हवी असेल तर घाला हो, विहीणबाई. माझ्या मुलाचे सगळे दात मी छपरावर टाकले होते. बघा की त्याचे दात!"

"बघितलेत," सासूबाई म्हणाल्या. "मुलगी बघायला आलात, तेव्हाच बघितलेत."

काकांनी हसू आवरून ओठ घट्ट मिटले. बायको "मला यात ओढू नका" म्हणत ऑफिसला निघून गेली.

अडचण अशी, की ही मंडळी पाच मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होती. छप्पर म्हणावं असं डोक्यावर काही नव्हतं, आणि उंदीर गेल्याच वर्षी औषध मारून संपवले होते. सासूबाईंनी वॉचमनला बोलावून "जवळपास एखादं चालू बीळ आहे का" अशी चौकशी केली. आईंनी गच्चीच्या किल्लीसाठी सेक्रेटरीला दोनदा फोन लावला. शेवटी काकांनी दात एका डबीत घातला आणि "तुमचं एकमत होईपर्यंत हा माझ्याकडे" असं बजावून कामावर नेला.

तिथे तिसऱ्याच दिवशी घाईत त्यांनी ती डबी मेणासाठी रिकामी केली. दात कुठे गेला ते कळलंच नाही. सगळं टेबल उलथंपालथं केलं, झाडलेल्या प्लास्टरच्या भुशात हात घातला. दात बरेच सापडले, पण सगळे त्यांचेच, ठकीचा एकही नाही. कॅल्शियमच तर होतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग खुर्चीत बसले आणि त्यांना घाम फुटला.

आयुष्यात केलं नव्हतं इतकं बारीक काम त्यांनी त्या दुपारी केलं. दुधाच्या दाताचा तो निळसर पांढरा रंग, तळाची पोकळी, कडेची खरबरीत रेघ, सगळं हुबेहूब. दात इतका जमला, की मोह होऊन त्यांनी आणखी एक केला. एक आईला दिला, एक सासूबाईंना. दोघींना वेगवेगळं गाठून, आवाज खाली घेऊन सांगितलं, "खरा तुमच्याकडेच. त्यांना कळू देऊ नका."

शनिवारी आई ठकीला घेऊन गच्चीवर गेल्या आणि पाण्याच्या टाकीवरच्या पत्र्यावर त्यांनी दात फेकला. रविवारी सासूबाई तिला घेऊन मागच्या भिंतीशी गेल्या. वॉचमननं अखेर एक बीळ हुडकलं होतं.

जेवताना ठकीनं विचारलं, "बाबा, माझा एकच दात पडला ना?"

"हो. का गं?"

"मग आजीनं वर टाकला तो कुणाचा? नि दुसऱ्या आजीनं खाली घातला तो?"

दोघी काकांकडे वळल्या, आणि खरा दात हरवला, हे दोन्ही आपणच घडवले, हे त्यांना कबूल करावं लागलं. मग पाच महिन्यांत पहिल्यांदाच दोन्ही विहिणी एका सुरात बोलल्या.

"प्लॅस्टिकचा दात फेकायला लावलास मला?"

"जावईबापू, आता पोरीला प्लॅस्टिकचेच यायचे!"

"असं काही नसतं. शास्त्र सांगतं की..."

"शास्त्र सांगतं तर खरा दात हरवला कसा?" आई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काका पोट सावरत शिडीवरून टाकीच्या पत्र्यावर चढले आणि बनावट दात उतरवून घेऊन आले. बिळातला मात्र मिळाला नाही. उंदराचं यावर काय मत झालं असेल, असं ठकी दोन दिवस विचारत होती.

ठकीच्या हिरडीकडे काका रोज सकाळी बॅटरी आणि डॉक्टरांचा छोटा आरसा घेऊन बघू लागले. "माप घ्यायला लागतं," म्हणायचे. दीड महिना काहीच दिसेना, तेव्हा त्यांचं जेवण कमी झालं. अखेर पांढरं टोक वर आलं, जरा तिरपं. तिरपेपणाचं खापर दोघींनी त्यांच्यावर फोडलं.

एव्हाना विहिणींचा तह झाला होता: खालचे दात गच्चीवर, वरचे बिळात. पुढे वरचा पडला, तेव्हा डबी आपसूक सासूबाईंच्या पदराला बांधली गेली. काकांना "तुम्ही गॅसवरच्या दुधाकडे बघा" असं सांगून तिघी खाली उतरल्या.

काकांनी गॅस बंद केला आणि ते बाल्कनीत आले. खाली तिघी भिंतीशी वाकून दात घालताना कोणते शब्द म्हणायचे यावर घोळ घालत होत्या. काकांनी थोडा वेळ कळ काढली. मग कठड्यावरून अर्धे बाहेर झुकून ते ओरडले, "अगं, उलटा धरलाय! निमुळती बाजू आधी आत घाला!"