गेलं की जाऊन रायलं? साकोलीची एक संशयी सहल

साकोलीची माझी मावसबहीण शोभाताई. वर्षापूर्वी भावजी गेले आणि ती बीपीच्या गोळ्यांवर आली. आमचं बोलणं सणासुदीपुरतं. यंदा दिवाळीला फोनवर म्हणाली, "भजन लागलं न मले. दुःख जाऊन रायलं." मी ऐकलं, दुःख गेलं. वर्षभरात, टाळ कुटून? कुठल्या तरी बुवानं गोळ्या सोडायला लावल्या असणार, असं धरून मी पुण्याहून नागपूरची गाडी पकडली.

नागपूरहून साकोलीची एसटी घ्या, हायवे झकास आहे, अडीच-तीन तास लागतात. स्टँडसमोर तर्रीपोहे खा, पण तर्री जपून. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

ताईकडे पोचल्यावर ती चहा टाकायला आत गेली, तशी मी तिचा औषधांचा डबा उघडला. बीपीची एकही गोळी नव्हती. माझा राग मस्तकात गेला. जेवणात लाखोळीच्या डाळीचे वडे फार चवदार होते, तरी मी घुश्श्यातच खाल्ले.

संध्याकाळी तलावाच्या पाळीवरच्या देवळात गेलो. बुवा शोधला, पण तिथे सगळ्या बायाच. म्होरक्या रखमाबाईंनी ताईला पाहताच पदराची गाठ सोडली, गोळी काढली, तांब्या पुढे केला. घरी ही विसरते, म्हणून गोळ्या त्यांनी आपल्याकडे ठेवल्या होत्या. ताईनं गोळी गिळली, तेव्हा कुठे भजन सुरू झालं.

मी खजील झाले, पण संशय काही मेला नाही. मध्येच ताई हुंदके देऊ लागली आणि बायांनी टाळ आणखी जोरात धरले. रडणं दाबतात की काय? नंतर मी रखमाबाईंना तोंडावर विचारलं.

त्या म्हणाल्या, "घरी पोरं घाबरतेत, मून रडता येत नाही तिले. इथं टाळ वाढवला का कोणाले आयकू येत नाही. देवाले येते."

परतताना ताईला म्हटलं, "अगं, दुःख गेलं म्हणाली होतीस ना?"

"गेलं कुठं म्हटलं वं? जाऊन रायलं म्हटलं. निघालं हाये, चालून रायलं हळूहळू."

भक्तीनं दुःख हरतं, हे मला अजून पटलेलं नाही. पण ताईच्या डोळ्यांत तेज आलंय, तेही खोटं म्हणवत नाही. पुण्यात दारातच लेकीनं बॅग घेतली आणि हसत विचारलं, "काय, गेला का संशय?"

म्हटलं, "जाऊन रायला."