सिंधूताईंचा कावळा बाराव्या मजल्यावर

टेकडीवर फिरायला जाणाऱ्या बाईला किस्से गोळा करावे लागत नाहीत. कुसळांसारखे ते पातळाच्या काठाला चिकटून घरी येतात. उंबऱ्यात बसून एकेक वेचायचा, एवढंच काम.

आम्ही तिघी. मी काशीबाई, खडकीच्या क्वार्टर्समधून मुलाच्या मागे इकडे बाणेरला आलेली. कमळाबाई नागपूरकडच्या, त्याही मुलाच्या कॉम्प्युटरच्या नोकरीपायी आलेल्या. आणि सिंधूताई, टेकडीच्या पायथ्याशी बैठ्या घरात सगळा संसार केलेल्या. रोज सकाळी टेकडी चढायची आणि कुठल्या तरी पाखराने नाहीतर जनावराने आमचा गोंधळ उडवायचा, असं ते चाललं होतं.

*

टेकडीमागे कुठल्याशा कंपनीची बिल्डिंग व्हायची होती, म्हणून जमीन सपाट करून ठेवलेली. टिटवीने नेमकी तिथे उघड्यावर अंडी घातली. आम्हाला काय माहीत! डावीकडून गेलो, अंगावर आली. उजवीकडून गेलो, तरी आली. माझे मालक जन्मभर दारूगोळ्याच्या कारखान्यात, धमाक्यांची मला सवय. पण त्या वीतभर पाखराने मला पळायला लावलं.

तेवढ्यात कानात वायरी घातलेला एक तरुण धावत आला. टिटवी त्याच्या टाळूला चाटून गेली. तो गर्रकन वळला, तर मागे आम्ही तिघी, डोक्यावर पदर घेऊन उभ्या. कानातली वायर काढून म्हणाला, "आजी, काही हवं असेल तर हाक मारायची. मारता कशाला?"

*

तेव्हा पुण्यात जिथे तिथे रस्ते खणलेले. इंटरनेट येणार, इंटरनेट येणार, असं जो तो सांगायचा. एका सकाळी चरात काळं वेटोळं दिसलं आणि सिंधूताई किंचाळल्या. माणसं जमली, काठ्या आल्या, कोणीतरी साप पकडणाऱ्याला फोन करून बोलावलं. त्याने वाकून पाहिलं आणि नुसता हसला. केबल!

सिंधूताईंना ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्याच चराशी पुन्हा काळं काहीतरी आडवं पडलेलं. सिंधूताई मान ताठ ठेवून, निऱ्याही न उचलता, ओलांडून गेल्या. त्यांचं पाऊल पलीकडे टेकलं आणि ती केबल सळसळत गवतात निघून गेली. चांगली लांबलचक धामण होती.

कमळाबाई म्हणाल्या, "आलं वाटते इंटरनेट."

*

पण त्या दिवसांत सिंधूताईंच्या जिवाला वेगळाच घोर होता. त्यांचं बैठं घर पाडायचं ठरलं होतं. मुलगा शेखर आणि सून रश्मी, दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यांनी बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. आई, चला, म्हणून दोघं मागे लागलेली. रश्मीने तर खोलीला पडदेही लावून ठेवले होते. आणि सिंधूताईंनी एकटीने राहायला गल्लीतच एक भाड्याची खोली बघून ठेवली होती.

कारण कावळा. त्यांचे यजमान, अण्णा, गेल्यापासून शेपटीचं एक पीस वाकडं असलेला कावळा रोज जेवणाच्या वेळेला स्वयंपाकघराच्या खिडकीत यायचा. सिंधूताई त्याला 'अहो' म्हणायच्या. "हे बाराव्या मजल्यावर कसे येणार?" एवढंच त्यांचं म्हणणं.

कमळाबाई बौद्ध. त्यांनी सरळ सांगितलं, "आमच्यात हे मानत नाहीत, सिंधूताई. पण कावळ्याले भूक लागते, हे मानतो."

*

फ्लॅट बघायला जायच्या दिवशी आम्हाला मुंगूस आडवं गेलं. सिंधूताईंचा चेहरा उजळला. शुभ झालं, जावं तिकडे राहायला, असं म्हणतात न म्हणतात तोच तेच मुंगूस परत इकडे आलं.

सिंधूताई मटकन दगडावर बसल्या. गेलं ते शुभ, मग परत आलं त्याचं काय धरायचं? मी म्हटलं, दुसरं असेल. त्या म्हणाल्या, तेच होतं, तोंड मी पाहिलंय.

"काही विसरलं असन त्याचं," कमळाबाई म्हणाल्या.

*

शेवटी सिंधूताईंनी सुनेला अट सांगितली. पितृपक्षात अण्णांचं पान नव्या घरी ठेवायचं. कावळा शिवला तर तिथे राहायचं, नाहीतर आपली खोली बरी.

अण्णांच्या तिथीला गॅलरीच्या कठड्यावर पान मांडलं. आम्ही हात जोडून आत वळतो तोवर पारव्यांनी खीर संपवून वड्यांना हात घातला होता! रश्मीने घाबरून गुरुजींना मोबाइल लावला, पारवा चालतो का म्हणून. गुरुजी म्हणाले, पारवा नाही, गाय चालेल.

सिंधूताईंनी गॅलरीतून खाली वाकून पाहिलं. "लिफ्टमध्ये मावेल का, विचार त्यांना."

रश्मी रडकुंडीला आली. मग सर्वपित्रीला पुन्हा एकदा बघू, असं ठरलं.

*

सर्वपित्रीला सिंधूताईंनी पहाटेपासून रांधलं. खीर, वडे, आणि मुख्य म्हणजे अळू. लग्न झाल्यापासून अण्णा त्यांचं अळू 'वा वा' करून दुसऱ्यांदा मागून घ्यायचे. त्या अळूचा त्यांना केवढा अभिमान!

पान ठेवलं. कमळाबाई केरसुणी घेऊन पारव्यांवर पहाऱ्याला बसल्या. ऊन चढलं, कावळ्याचा पत्ता नाही. घरात कोणी जेवेना. रश्मीची बिचारीची रात्रपाळी झालेली, पोटात कावळे. तिने गुपचूप झटपट नूडल्स केल्या आणि गॅलरीच्या दारात उभ्याने दोन घास खाल्ले. सासूबाईंनी पाहिलं मात्र, वाडगा तिथेच वॉशिंग मशीनवर ठेवून ती मागे सरकली.

आणि कावळा आला.

सिंधूताईंनी हात जोडले. कावळा पानाभोवती फिरला. खीर बघितली. वडे बघितले. अळूवर एक पाय दिला, तो झटकला, कठड्याला पुसला. मग उडी मारून वॉशिंग मशीनवर बसला आणि वाडग्यातून लांबच्या लांब नूडल्स ओढून खायला लागला.

रश्मी त्याला हाकलायला धावली, तिचा हात कमळाबाईंनी धरला. शेपटीचं पीस वाकडं होतं, असं कमळाबाई आजही सांगतात. मला ते सरळ दिसलं होतं.

सिंधूताई एकटक बघत होत्या. "इतकी वर्षं मग बोलला का नाहीत?" त्या म्हणाल्या.

कावळ्याने चोच पुसली आणि तो उडून गेला.

सिंधूताईंनी एकदा अळूकडे बघितलं. मग पाटावर येऊन बसल्या.

"शेखरला म्हणावं, माझी ट्रंक रविवारी आण," त्या सुनेला म्हणाल्या. "आणि ते शेवयांसारखं काय केलं होतंस, ते मला वाढ. बघू दे, काय एवढं आहे त्यात."