एरलच्या रायफलीचा दस्ता

एरल टलक चहा उभ्यानेच प्यायचा. बूट दाराबाहेर काढायचा ते टाचा भिंतीला लावून, म्हणजे निघताना वळावं लागू नये. मटणाच्या चॉपचं हाडाजवळचं आधी खायचा. पेन्सिल कानामागे खोचायचा आणि घरभर शोधायचा. काही लपवायचं असलं की खिडकीबाहेर बघून हवामान सांगायचा. आणि दम लागला की वाकून बुटाची नाडी बांधायचा. बांधलेलीच.

ही शेवटची सवय नवी होती. नोलीनने ती गेल्या हिवाळ्यात हेरली. फेअरलीत, किराणा दुकानापासून गाडीपर्यंतच्या अंतरात दोनदा नाडी. तिने विचारलं नाही. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात तिला माहीत झालं होतं, नवऱ्याला विचारलं की हवामान ऐकायला मिळतं.

खरं काय ते उन्हाळ्यात टिपेनेने सांगितलं. टिपेने हा एरलचा शिकारीचा सोबती. दरवर्षी मे महिन्यात, हिवाळ्याच्या तोंडाशी, दोघं बाकीच्या मंडळींबरोबर थारच्या, म्हणजे डोंगरी रानबोकडांच्या, शिकारीला वरच्या खोऱ्यात जायचे, दहा दिवस पत्र्याच्या खोलीत राहायचे.

"तुला बोलला नाही तो?" स्कोनवर जॅम लावता लावता टिपेने म्हणाला.

"काय?"

"म्हणजे नाही बोलला." त्याने सुरी खाली ठेवली. "त्या दगडांच्या घसरणीवर मी त्याची रायफल घेतली. अर्धा तास."

"आणि त्याने दिली?"

"दिली कसली! तो नाडी बांधत बसला होता, मी खांद्यावरून काढून घेतली."

नोलीनच्या हातातली किटली तशीच राहिली. त्या शिकारी मंडळींत चहा, तंबाखू, मटण सगळं वाटून चालायचं. रायफल मात्र ज्याची त्यानेच वाहायची. ज्याची दुसऱ्याला वाहावी लागली तो पुढच्या वर्षी आपणहून बटाट्यांची पिशवी घेऊन यायचा आणि इतर डोंगरावर असताना खोलीत रस्सा शिजवत बसायचा. कुणी काही बोलायचं नाही. असे दोघं तिच्या पाहण्यात होते. दोन-तीन वर्षांनी ते यायचेच बंद झाले.

एरल दारात उभा होता. त्याने ऐकलं होतं.

"रायफल जड आहे," तो म्हणाला. "पाच किलो सहाशे ग्रॅम. दस्ता हलका करतो."

"जड नळी आहे, म्हाताऱ्या. एका जागी बसून ससे मारायची रायफल घेऊन डोंगर चढतोस आणि गाढवाचा राग खोगिरावर काढतोस."

"नळीला हात लावायचा नाही. तुझी ती काडीसारखी नळी तीन गोळ्यांत तापते, चौथी गोळी शेजारच्या खोऱ्यात जाते."

"चौथी लागते कुणाला? माझं पहिलीत काम होतं."

"म्हणून तर गेल्या वर्षी दहाच्या दहा दिवस माझंच मटण खाल्लंस."

तिघंही हसले. आपण तेव्हा हसलो, हे नोलीनला पुढे फार लागलं.

टिपेने गेल्यावर ती म्हणाली, "वजन रायफलीचं नाहीये, एरल. डॉक्टरला दाखव."

"दाखवतो. डोंगरावरून आल्यावर."

तिने ऐकलं नाही. टिमारूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, मे महिन्यातल्या एका गुरुवारची. शिकारीला निघायच्या चार दिवस आधीची. एरल बरं म्हणाला आणि शेडमध्ये गेला.

मार्चभर तो शेडमध्ये होता. दस्ता अक्रोडाचा, त्यानेच वीस वर्षांपूर्वी घडवलेला. खांद्याला टेकणारं रबर काढून त्याने मागून आत खोल भोकं पाडली. पुढच्या भागात, नळी जिथे बसते त्या पन्हळीच्या तळातून, लाकूड खरवडून काढलं. मग रबर परत लावलं, रायफल जोडली आणि मासे तोलायच्या काट्याला टांगली. कपड्यांवर भुसा घेऊन तो स्वयंपाकघरात आला.

"पाचशे ग्रॅम! बटरचं आख्खं पाकीट गेलं, नोलीन!"

इतका खूश तिने त्याला वर्षभरात पाहिला नव्हता. तिने जेवायला वाढलं. डॉक्टरचं नाव त्या दिवशी काढलं नाही.

पण रायफल बिघडली होती. मागच्या कुरणात नेम धरताना ती हातात सैल असली की गोळी बरोबर जायची. पाठपिशवीवर टेकवली की वीतभर उजवीकडे. डोंगरात तर टेकवूनच मारावं लागतं. एरलने नोलीनला बोलावलं. वर्तमानपत्राची एक पट्टी नळी आणि लाकूड यांच्या फटीत सरकवली. "आता वरून दाब."

तिने दाबलं. कागद अडकला.

"लाकूड वाकतंय," तो म्हणाला. "वाकून नळीला लागतंय. फार कोरलं मी."

"मग?"

"मग ताठ करायचं. वजन न वाढवता."

टिपेनेची पुतणी धनुर्विद्येचे सामने खेळायची. तिचे मोडके कार्बनचे बाण टिपेने घेऊन आला. पन्हळीच्या तळाशी डावीकडे एक, उजवीकडे एक अशा दोन लांब खाचा पाडायच्या, त्यांत बाणांचे तुकडे इपॉक्सीने चिकटवायचे. वजन पिसाचं, ताठपणा लोखंडाचा. दोन्ही खाचा एकदम पाडल्या तर उरलेलं लाकूड चिरायचं. म्हणून आधी डावी, ती वाळली की उजवी.

डावी भरली, पण वाळेना. रात्री दव गोठायला लागलं होतं आणि इपॉक्सीला ऊब हवी होती. शेवटी नोलीननेच गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटातले टॉवेल काढून पलंगावर टाकले. दस्ता तिथे तिरपा उभा राहिला. पुढचे दोन दिवस त्या घरातले टॉवेल गार होते.

"माझ्यापेक्षा त्याची बडदास्त जास्त," ती म्हणाली.

"तो कुरकुर करत नाही."

बुधवारी संध्याकाळी एरलने दस्ता कपाटातून काढला, नखाने टोकरून पाहिला. दगडासारखा झाला होता.

"उद्याची वेळ पुढे ढकल," तो म्हणाला. "उद्या उजवी खाच पाडतो, भरतो. शनिवारी वाळेल. रविवारी नेम बघायचा, सोमवारी निघायचं."

"एरल, टिमारूला जायला तास लागत नाही."

"तिकडे गेलो की डॉक्टर डोंगरावर जाऊ देणार नाही." मग त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "उद्या दक्षिणेचा वारा सुटणार आहे."

नाही कसं म्हणायचं हे तिला कळेना. नाही म्हटलं असतं तर त्याच्या हातात बटाट्यांची पिशवी आपणच दिल्यासारखं झालं असतं. तिने फोन लावला. पलीकडच्या मुलीने विचारलं, "तातडीचं काही आहे का?"

नोलीनने वळून पाहिलं. एरल वाकला होता. दोन्ही हात पायापाशी होते. पायात बूट नव्हते, नुसते मोजे होते.

"नाही," नोलीन म्हणाली. "घाई नाही."

गुरुवारी दहा वाजता ती चहा घेऊन शेडमध्ये गेली. वारा खरंच सुटला होता. एरल स्टुलावर बसला होता, कपाळ हातावर टेकलेलं. पटाशी त्याने बाजूला नीट ठेवली होती. तिने चहा बाकावर ठेवला, त्याला नावाने हाक मारली, मग दुसऱ्यांदा मारली.

अंत्यविधीला टिपेने पहिल्या रांगेत बसला. आठवड्याने तो घरी आला. दोघं शेडमध्ये गेले. तिने तिथलं काहीच हलवलं नव्हतं. फक्त कप उचलला होता.

"तो डॉक्टरकडे जाणार होता त्या दिवशी," नोलीन म्हणाली. "मी रद्द केलं."

टिपेनेने पटाशीचं पातं अंगठ्याने चाचपलं. "मी त्याची रायफल घ्यायला नको होती," तो म्हणाला.

"तू नसती घेतलीस तर तो तिथेच पडला असता."

"निदान डोंगरावर पडला असता."

टिपेनेने दस्ता उचलला, खिडकीच्या उजेडात धरला. उजवी खाच पूर्ण पाडून झाली होती, आतला भुसा फुंकून काढलेला. मापात कापलेला बाणाचा तुकडा शेजारी होता. इपॉक्सीच्या दोन्ही ट्यूबांची टोपणं लावलेली होती.

"भरू का ही?" त्याने विचारलं.

नोलीनने बाणाचा तुकडा उचलला आणि परत जागेवर ठेवला. टिपेनेने दस्त्याचं टोक बाकावर टेकवून दाबलं. डावी बाजू हलली नाही. उजवी वाकली, आणि सगळा दस्ता पिळला गेला. त्याने हात सैल केला आणि दस्ता होता तिथे ठेवला, खाच वर करून.