आबांनी सांगितलेलं देवक

हॉलच्या कोपऱ्यात बुद्ध बसला होता. फायबरचा. डोक्यामागून पाणी झिरपत होतं, खाली निळा दिवा. मालक म्हणाले, "बसा ना." मी आणि माझे वडील, आबा, सोफ्याच्या कडेवर बसलो.

नोकरी कुठे, माणसं किती, गाडी आहे का, सगळं विचारून झालं. फ्लॅट शेजारच्याच इमारतीत होता, तो आम्ही बघून आलो होतो. आबांनी स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला होता, म्हणजे त्यांना घर पसंत होतं. मालकांनी आमचं आडनाव पुन्हा एकदा तोंडात घोळवलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही... कोण?"

"आम्ही बौद्ध," मी म्हणाले.

"अरे वा!" त्यांना खरोखर आनंद झाला. "मी दोनदा इगतपुरीला जाऊन आलोय. दहा दिवस मौन. काय शांतता हो! आतून माणूस धुऊन निघतो."

मग ते श्वासाबद्दल बोलले. श्वास आत येतो, बाहेर जातो, आपण फक्त बघायचं. आबा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. चहा आला. चहा पिता पिता मालकांना आठवलं की त्यांचा भाचा परदेशातून कायमचा परत येतोय, त्याला बहुधा हाच फ्लॅट लागेल. "कळवतो तुम्हाला."

भाच्याचा जन्म चहाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या घोटाच्या मध्ये झाला. त्यांना बुद्ध चालत होता. आम्ही नाही.

लिफ्टमध्ये आबा म्हणाले, "मानूस बोलायला चांगला व्हता." बाहेर आल्यावर म्हणाले, "त्या मूर्तीचं पानी बंद करायला सांगायचं राह्यलं. लय वाया जातं."

नाशिकचा हा महागडा गंगापूर रोड मीच निवडला होता. आम्ही छत्तीसगडातून आलो. तिथे बँकेचं क्वार्टर होतं, अंगणात पेरूचं झाड होतं. नाशिकला बदली झाली तेव्हा ऑफिसातले सगळे म्हणाले, "महाराष्ट्र महँगा है मॅडम, संभल के." महाग आहे हे मला माहीत होतं. पण तिकडे दहा वर्षं काढल्यावर एक गोष्ट मी विसरले होते. तिथे माझं आडनाव ऐकून लोक म्हणायचे, "अच्छा, मराठी हैं." संपलं. दहा वर्षं मी नुसती मराठी होते. महाराष्ट्रात नुसतं मराठी कुणी नसतं.

आबांचं आडनाव मी लग्नानंतरही ठेवलं, आणि ते गावाच्या दोन्ही टोकांना सापडतं. पाटलाच्या दारावरही तेच, आमच्या वस्तीतही तेच. त्यामुळे पहिल्या भेटीत लोक जरा अवघडतात. विचारलं नाही तर चूक होईल, विचारलं तर बरं दिसणार नाही.

नवऱ्याची बदली अजून व्हायची होती. तो फोनवर म्हणाला, "सिडकोत बघ, सातपूरला बघ, आपली माणसं आहेत." मी नाही म्हटलं. माझा एक सिद्धांत होता. जिथे इमारतीखाली पोहण्याचा तलाव असतो, तिथे शेजाऱ्याचं नावही कुणाला ठाऊक नसतं. जात कोण विचारणार? हा सिद्धांत मी पुस्तकं वाचून बनवला होता. ती लिहिणाऱ्यांनी बहुधा भाड्याने घर कधी शोधलं नसावं.

आणि आबांना चांगल्या जागी ठेवायचं होतं. आबा एस.टी.त कंडक्टर होते. आई गेल्यापासून सिन्नरला एकटेच. गेल्या वर्षी छातीत दुखलं, डॉक्टर म्हणाले आता एकटं ठेवू नका. छत्तीसगडात यायला ते तयार नव्हते. "मला हिंदीत मरायचं नाय," म्हणाले. म्हणून मी बदली मागून घेतली. आबा, मी आणि माझी मुलगी ओवी एका घरात. एवढ्यासाठी सगळं चाललं होतं.

आबा काय माणूस होता ते सांगायला हवं. बसमध्ये कुणी जुना जाणता प्रवासी विचारायचा, "कंडक्टर, तुम्ही कोणाचे?" आबा आमच्या वस्तीचं नाव अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगायचे आणि म्हणायचे, "आता पुढं सरका." तिकिटाचे पैसे हात न लावता वरून टाकणारे असत. आबा ते नाणं खाली पडू द्यायचे, आणि उचलायला त्यालाच लावायचे. आमच्या घरात देव नव्हता. माझ्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा घरातले देव टोपलीत घालून गोदावरीत सोडले. त्यात खंडोबाचा पितळी टाक होता. आबा तेव्हा लहान होते. पाण्यात पडताना तो चमकला, एवढंच त्यांना आठवायचं. मला ते हसत सांगायचे, "बुडाला तो बुडाला. त्याला पोहता येत नव्हतं."

नंतरची घरं सांगत बसत नाही. कुणाला शाकाहारीच माणसं हवी होती. आबांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून मटण सोडलं होतं, पण तेवढ्याने भागत नव्हतं. कुणाचं घर अचानक विकायला निघालं. एक बाई दार उघडून "आत्ताच दिलं" म्हणाल्या, आम्ही अजून तोंडही उघडलं नव्हतं. घरं दाखवणाऱ्या एजंटाने फोनवर आधी कळवलं असावं.

एजंट पन्नाशीचा होता. स्वभावाने वाईट नव्हता. गाडीत तो म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. मी स्वतः जात-बीत मानत नाही. पण तुम्ही विचारलं की धाडकन सांगून मोकळ्या होता. आडनाव एकदम फर्स्ट क्लास आहे तुमचं. कुणी विचारलं तर खंडोबा म्हणायचं. खंडोबा काय, सगळ्यांचाच."

"सगळ्यांचा आहे, तर मग विचारतात कशाला?"

तो हसला. मागच्या सीटवर आबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं. मला वाटलं, ऐकलं नसेल.

दोन दिवसांनी त्याने एका निवृत्त इंजिनिअरच्या घरी नेलं. समोरासमोर दोन फ्लॅट, दोन्ही त्यांचेच. एकात ते नवराबायको, दुसरा द्यायचा होता. बाल्कनीतून ओवीसाठी पाहिलेली शाळा दिसत होती. आबांनी नळ सोडून पाहिला, मग दुसरा सोडून पाहिला, मग बाल्कनीतल्या खुर्चीत जाऊन बसले. उठेनात. मी म्हटलं, "आबा, अजून दिलं नाही त्यांनी."

"बसून बघितलं," ते म्हणाले. "ऊन सकाळचं येतंय."

मग समोरच्या घरी गेलो. काका पेपर वाचत होते. काकूंनी पाणी दिलं आणि विचारलं, "मूळचे कुठले तुम्ही?"

"सिन्नर तालुका."

"अगंबाई, आमचे व्याही तिकडचेच! आणि कुलदैवत?"

मी सांगणार होते. त्याआधी आबा बोलले.

"जेजुरीचा खंडोबा."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. ते काकूंकडे बघत होते.

"हो का! आणि देवक कोणतं?"

देवक म्हणजे लग्नात पूजायचं कुळाचं चिन्ह. कुणाचं झाडाची डहाळी, कुणाचं पाच झाडांची पानं, कुणाचं मोराचं पीस. आडनावाने फसवलं तरी देवकाने माणूस बरोबर हुडकता येतो, हे काकूंना ठाऊक होतं. आमच्या लग्नांत आता देवक नसतं. मला आमचं जुनं कोणतं होतं तेही माहीत नाही.

"पंचपल्लव," आबा म्हणाले. थांब्याचं नाव पुकारावं तसं, न अडखळता.

काकूंचा चेहरा सैल झाला. काकांनी पेपर खाली ठेवला. "मग काय, आपलेच की!" चहा आला, बशीत बिस्किटं आली. काकूंनी मला कुंकू लावलं. लावता लावता म्हणाल्या, "आमचं तसं काही नाही हो. पण एका मजल्यावर राहायचं असतं. मागे एकजण आले होते. मोठ्या हुद्द्यावर, बोलायला इतके गोड. सगळं ठरलं होतं. मग कळलं. नशीब, वेळेत कळलं."

"हल्ली ओळखूच येत नाहीत," काका म्हणाले.

आणि आबांनी मान हलवली. "हां," म्हणाले. "काळच तसा हाय."

बशीवर कप खडखडत होता. बशी आबांच्या हातात होती. मला ओरडावंसं वाटत होतं. पण तिथे तोंड उघडलं असतं, तर त्या दोघांच्या देखत माझा बाप खोटा पडला असता. मी बिस्कीट खाल्लं. त्याची चव मला अजून आठवते.

"शुक्रवारी या," काकू म्हणाल्या. "दिवस चांगला आहे. दूध उतू घाला आणि राहायला लागा."

रिक्षात आबांचा फोन वाजला. ऐकू येत नाही म्हणून ते स्पीकरवरच बोलतात. त्यांच्या गाडीवरचा जुना ड्रायव्हर होता. त्याचंही आडनाव आमचंच, गावाच्या वरच्या टोकाचं.

"काय रे कंडक्टर, जुळलं का?"

"काय?"

"लगीन! काल देवक इचारत व्हता ना? म्या म्हातारीला उठवून इचारलं तुझ्यासाठी. आन् तुमच्यात कधीपासून रे देवक? भावकीत कुणी आमच्यातलं पोरगं पळवलं का काय?" तो खो खो हसत होता.

"तसंच हाय कायतरी," आबा म्हणाले. "मागून बोलतो."

म्हणजे त्या दिवशी एजंटाच्या गाडीत त्यांनी सगळं ऐकलं होतं. नुसता खंडोबा पुरणार नाही, हेही त्यांना एजंटापेक्षा जास्त कळत होतं. ते तयारी करून आले होते. पाठ करून.

सिन्नरला पोचेपर्यंत आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी आबा सामान बांधायला लागले. भिंतीवरची तसबीर उतरवली. निळा कोट, चष्मा, हातात ग्रंथ. मी जन्मले तेव्हापासून ती त्या खिळ्यावर होती. त्यांनी काच पुसली, आईच्या लुगड्यात गुंडाळली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवली. "तिथं कपाटात राहू दे," म्हणाले. "भिंतीला खिळा मारला तर मालक बोलतेत."

मग त्यांनी ओवीला जवळ बोलावलं.

"लिफ्टमधी कुनी इचारलं, शाळंत कुनी इचारलं, तर आपला देव खंडोबा म्हनायचं."

"खंडोबा कोण, आबा?"

"हाय एक देव. घोड्यावर असतो."

"तो आपला आहे?"

आबांनी ट्रंकेचं झाकण लावलं. "व्हता," म्हणाले. "आन् देवक पंचपल्लव. म्हन."

"खंडोबा. पंचपल्लव."

"परत म्हन."

"खंडोबा, पंचपल्लव. खंडोबा, पंचपल्लव." पाढे म्हणतात तसं ती डोलत डोलत म्हणत होती. आबा बोटाने ताल देत होते. तेवढ्यात त्यांना मी दारात दिसले. त्यांनी बोट मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी त्या घरी गेले. काकू म्हणाल्या, "या या, तुमचंच घर झाडून घेतलंय." मी आत गेले नाही.

"काकू, आम्ही बौद्ध आहोत. आबांनी सांगितलं ते खरं नव्हतं."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "पण तुम्ही तशा वाटत नाही."

"कशा?"

आतून काकांनी विचारलं, "कोण आहे गं?"

"कुणी नाही," काकू म्हणाल्या. मग मला, हळू आवाजात, "एवढ्या वयाचा माणूस देवाच्या नावाने खोटं बोलतो? लाज नाही वाटली?"

"वाटली. कप धरता येत नव्हता त्यांना. तुम्हाला विचारताना वाटली का?"

दार लागलं. आवाज न होता. महाग दारांचा आवाज होत नाही.

मी सिन्नरला परतले. मला वाटत होतं, आबा पाठीवर हात ठेवतील. हे सगळं त्यांनीच तर शिकवलं होतं. मी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "जन्मात एकदा खोटं बोललो, बाय. तुझ्यासाठी. तेबी तुला ठिवता आलं नाय."

 

आबा सिन्नरलाच राहिले. मी आणि ओवी बँकेच्या गेस्ट हाऊसमध्ये आहोत, एका खोलीत. रविवारी आम्ही त्यांच्याकडे जातो. ते ओवीशी बोलतात. माझ्याशी औषधांपुरतं. रात्री त्यांच्या छातीत दुखलं तर शेजारी उठवायला कोण आहे, याचा विचार करत मी पडून राहते.

लोक सांगतात, दुसरीकडे बघ, इतकी घरं आहेत शहरात. आहेत. ज्यांना आपल्या वस्तीत राहायचंय त्यांनी राहावं, मीही वस्तीतूनच आले. पण ज्या रस्त्यावर माझ्या बापाला स्वतःला पुसून टाकावं लागलं, त्या रस्त्यावरच मी त्याला राहायला नेणार आहे. त्याच्या खऱ्या ओळखीने. तो माझ्याशी बोलो, न बोलो.

एजंट आता फोन उचलत नाही. मी वॉचमनला विचारून स्वतःच वर जाते. शनिवारी बँकेला सुट्टी असली की ओवीला बरोबर घेते. दार उघडलं की कुणी काही विचारायच्या आत सांगते, "आम्ही बौद्ध आहोत. माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते. ते आमच्यासोबत राहणार आहेत. घर दाखवता का?" काही दारं लगेच लागतात. काही हसून लागतात. मग आम्ही पुढच्या दाराची बेल वाजवतो.

गेल्या शनिवारी ओवी म्हणाली, "आई, या वेळी मी सांगू?"

मी बाजूला झाले.