पाचव्या माळेला आम्ही आईच्या पाया पडलो

आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना लाज कमी वाटेल. माझी आई डोळ्यांदेखत मरत होती आणि मी तिला कांद्याचं विचारत होतो.

नवरात्रातली पाचवी माळ होती. अवसरीच्या आमच्या घरात घट बसलेले. आई नऊ दिवस पाणी आणि दोन वेळचा बिनसाखरेचा चहा, एवढ्यावरच राहते. त्या उन्हाळ्यात तिला साखरेचा आजार निघाला होता, गोळ्या सुरू झाल्या होत्या, तरी उपास काही सुटला नाही. "गोळी म्हंजी काय अन्न हाय का? गोळीनं उपास मोडत न्हाई," असा तिचा निवाडा. आणि मी, चाकणच्या कारखान्यात तयार मालातली खोट शोधायचा पगार घेणारा माणूस, रोज कामावरून फोन करून विचारायचो, "गोळी घेतलीस का?" ती म्हणायची, "घेतली." मी म्हणायचो, "शाब्बास." पोटात काही आहे का, हे एकदाही विचारलं नाही.

त्या दिवशी पहिली पाळी करून दिवेलागणीच्या आत घरी पोचलो. आरतीला गल्लीतल्या पाच-सहा बाया जमलेल्या. वडील घंटा वाजवत होते. बायको मागं गोठ्यात धार काढत होती. आरती निम्म्यावर आली आणि आई घुमायला लागली.

घुमायला लागली, असं आम्हाला वाटलं. ती भिंतीला टेकून बसली होती. हात थरथरत होते, मान डोलत होती, घाम निथळत होता आणि तोंडानं काहीतरी न कळणारं पुटपुटणं चाललं होतं. आमच्या भावकीत अशी समजूत आहे की, दर पिढीत घरातल्या एका तरी सुनेच्या अंगात देवी येते. आईच्या पिढीत ती अजून कुणाच्या अंगात आली नव्हती. बाया कधीपासून वाटच बघत होत्या. शेजारच्या काकूंनी आरती मध्येच सोडली आणि त्या ओरडल्या, "आली! आली! कुंकू आना कुनीतरी!"

काकूंनी आईचा मळवट भरला. दुसरीनं खणानारळानं ओटी भरली. तिसरीनं घटावरचा जास्तीचा हार काढून तिच्या गळ्यात घातला. वडिलांनी घंटा खाली ठेवली. चाळीस वर्षं जिला त्यांनी "अगं ए" सोडून दुसरी हाक मारली नाही, तिच्यापुढं ते टोपी सावरत पालथे पडले. "काय चुकलंमाकलं आसंल तर पदरात घ्या," म्हणाले. घ्या! एरवी मला हसू फुटलं असतं. तेव्हा अंगावर काटा आला. मीही गुडघे टेकले, आईच्या पावलांवर डोकं ठेवलं आणि बराखीत साठवलेल्या कांद्याचं विचारलं, "आताच मंचरला न्यायचा, का दिवाळीपर्यंत थांबायचं?"

तिची मान इकडून तिकडं हलली. "थांबा म्हनती," काकूंनी अर्थ लावला. कांदा सगळ्यांच्याच घरी होता. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पाय गार होते. माझ्या कपाळाला ते लागलं होतं, गार आणि ओलं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी दचकलो असतो. त्या दिवशी मी हात जोडून मागं सरलो आणि पुढच्या बाईला जागा करून दिली.

तेवढ्यात बायको दुधाची किटली घेऊन आत आली. ती आळेफाट्याकडची. तिच्या सख्ख्या चुलतीच्या अंगात येतं, ते ती लहानपणापासून बघत आलेली. काकूंनी तिला दारातच अडवलं, "हातपाय धुऊन ये, आई आल्यात." तिनं ऐकलं नाही. शेणानं भरलेल्या पायांनी ती तशीच घटापुढं आली आणि आईच्या गळ्याला हात लावला.

"अंगात आलं की बाई तापती," ती म्हणाली. "आमच्या चुलतीला हात लावाया भ्या वाटायचं. ह्या तर गार पडल्यात."

"शिवू नको गं, पारोशी हायेस तू!" काकू म्हणाल्या.

बायको सासूला आत्या म्हणते. "आत्या! आत्या, माझ्याकडं बगा!" तिनं गदागदा हलवलं. आईचे डोळे वर गेले आणि मान छातीवर पडली. मग बायको माझ्याकडं वळली. लग्नाला बारा वर्षं झाली, चारचौघांत ती माझ्यावर कधी ओरडली नव्हती. "बगताय काय नुसतं? गोळी खाऊन पाच दिस उपाशी हाय ती बाई! गाडी काढा!"

गोळी आणि उपास या दोन गोष्टी तेव्हा कुठं माझ्या डोक्यात एका जागी आल्या. गाडीची किल्ली माझ्या खिशातच होती आणि मी ती घरभर शोधत होतो.

मागच्या सीटवर वडिलांनी आईला धरलं होतं आणि बायकोनं वाटेत चिमूट चिमूट साखर तिच्या गालाच्या आतून चोळली. मंचरला हायवेवर ट्रॅक्टर आणि ट्रकांची रांग लागलेली. मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही, कुणाकुणाच्या शिव्या खाल्ल्या. दवाखान्यात तिचं बोट टोचून थेंब यंत्राला लावला. आकडा बघताच डॉक्टरांनी आधी सुई लावली. मग मला विचारलं, "शेवटचं कधी जेवल्या?"

"पाच दिवसांपूर्वी."

"आणि गोळी?"

"रोज. मीच आठवण करतो."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

सलाइन निम्मं व्हायच्या आत आईनं डोळे उघडले आणि विचारलं, "गुरांची धार झाली का?" वडील तिथंच फरशीवर बसले आणि हसायला लागले. ते हसणं थांबेना, शेवटी नर्सनं त्यांना पाणी आणून दिलं. मी डॉक्टरांच्या पायांकडं वाकलो, तर ते घाईनं मागं सरले. आमचा त्या दिवशी पाया पडण्याचा सपाटाच लागला होता. जीव भांड्यात पडला खरा, पण त्या भांड्याकडं बघायचं धाडस मला होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साखरेच्या चहात बिस्कीट बुडवून खात होती. उपास मोडला म्हणून कुरकुर करत होती, पण खात होती. मी म्हणालो, "आई, माफ कर. आम्हाला वाटलं, देवी आली."

"माफी कशाला? मला काय येगळंच वाटलं व्हतं."

"म्हणजे? तुला आठवतंय?"

"थोडं थोडं. त्वांड हलंना, हात उचलंना. मंग कुनी मळवट भरला. वटी भरली. हार घातला. ह्ये पाया पडलं, कधी न्हाई ते आहोजाहो करून. मंग तू पडलास." तिनं बिस्किटाचा बुडालेला तुकडा बोटानं काढून तोंडात टाकला. "म्हटलं, झालं. मी गेले."

 सवाष्ण बाई गेली की तिचाही असाच मळवट भरतात, अशीच ओटी भरतात आणि घरचे एकेक करून असेच पाया पडतात. खोलीभर माणसं होतो आम्ही. एकाच्याही हे मनात आलं नव्हतं.

"घाबरली असशील," मी म्हणालो.

"घाबरायचं काय त्यात? आहेवपनी गेले, समद्यांनी समदं नीट केलं. बरंच वाटलं." मग तिनं कप खाली ठेवला. "फकस्त येक कळंना बाबा. कुनीच कसं रडंना?"