चाल : घरगुती

तुळजाजीरावांना गाता येत नव्हतं. हे सगळ्या भजनी मंडळाला ठाऊक होतं आणि तोंडावर सांगायला कुणी भीतही नव्हतं. तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या कारखान्यात तीस वर्षं कारकुनी केलेला हा तंजावरी माणूस पदं मात्र अशी लिहायचा, की म्हातारे डोळे पुसायचे. पण नुसतं बसून लिहा म्हटलं, तर एक ओळ सुचेल तर शपथ! आधी कानात चाल लागायची. आणि चाल यायची बायकोच्या गळ्यातून. भवानीबाई तांदूळ निवडताना गुणगुणायच्या, हे कान टवकारून बसायचे, आणि शनिवारच्या भजनापर्यंत त्या सुरांवर देवाचे शब्द चढलेले असायचे.

मंडळाची रीत अशी, की वहीत प्रत्येक पदाच्या डोक्यावर चाल लिहायची: अमक्या पदाची, तमक्या रागातली. म्हणजे गाणाऱ्याचा घोटाळा होत नाही. तुळजाजीरावांच्या वहीत पानोपानी एकच शब्द होता, ‘घरगुती’. बायकोचं नाव कुठेही नाही. घरातलीच तर आहे, तिचं नाव काय लिहायचं!

दोन हजार सातच्या दिवाळीआधी भवानीबाईंचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. पाणी हवं असलं तरी नुसतं ‘अं अं’. तुळजाजीराव भांडंभर पाणी घेऊन जायचे, तर त्यांना हवी असायची उशी. मग त्या रडायच्या आणि हेही बाहेर गॅलरीत जाऊन रडायचे. अड्यारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “कधीकधी बोलणं जातं, पण गाणं आत शिल्लक असतं. ओळखीचं काहीतरी म्हणून बघा. त्यातून शब्द परत आले तर आले.”

तुळजाजीरावांच्या जीवात जीव आला. ओळखीचं म्हणजे कोणतं, हा प्रश्नच नव्हता. ‘ऊठ रामा, ऊठ राया, भक्त आले दर्शनाया.’ अडतीस वर्षं शनिवारचं भजन याच पदाने सुरू व्हायचं, आणि पहिली ओळ भवानीबाईच उचलायच्या.

त्या दिवशी मंदार आला होता. पुण्याहून मोटारींच्या कंपनीत नोकरीला आलेला, शनिवारी भजनाला बसणारा हा मुलगा. काकांच्या पदांचं पुस्तक काढायचंच, असं त्याच्या डोक्याने घेतलं होतं.

“काका, चाल घरगुती म्हणजे नेमकी कुणाची?”

“घरातली की रे. तसंच लिही, पो!” तमिळीत ‘जा’ म्हणत त्यांनी हात झटकला.

मग ते पलंगाजवळ बसले आणि भसाड्या आवाजात पद म्हणू लागले. मंदारने मान खाली घातली. भवानीबाईंचा चेहरा वेडावाकडा झाला. डावा हात चादरीवर थापटू लागला, हळूहळू, एका लयीत. आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून स्वच्छ शब्द आले.

“नीज विदू, नीज राया, पदराची तुला छाया...”

“काका, शब्द आले!” मंदार ओरडलाच. “पण हे पद वेगळंय. विदू कोण?”

तुळजाजीरावांनी चादर उगाच सारखी केली. विदू म्हणजे विद्याधर, त्यांचा पहिला मुलगा. आवडीच्या क्वार्टरमध्ये अकरा महिने जगला आणि तापात गेला. तो गेल्यावर भवानीबाई कितीतरी दिवस त्याच्या अंगाईची चाल तेवढी गुणगुणत, शब्दांशिवाय. यांना चाल गोड वाटली. महिनाभरात त्यांनी तिच्यावर देवाला उठवायचं पद बसवलं. मंडळाने वाहवा केली, बायको पुढे बसून गायली, आणि यांना वाटलं, बाई सावरली. तिला काय वाटतं, हे विचारायला यांची जीभ अडतीस वर्षांत उचलली नाही. पोराचं नावही त्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

“भवानी, पाणी देऊ?” त्यांनी विचारलं.

“नीज विदू,” भवानीबाई म्हणाल्या.

“मी कोण? सांग की.”

“नीज विदू, नीज राया...”

तेवढेच शब्द परत आले होते. बाकीचे आलेच नाहीत, ना त्या दिवशी, ना पुढे कधी.

तुळजाजीरावांनी मंदारच्या हातातून वही घेतली आणि ‘ऊठ रामा’वर काट मारली.

“अहो काका, हे तुमचं सगळ्यात चांगलं पद आहे!”

“माझं नव्हे ते. चोरलेलं आहे. तिच्या लेकराच्या अंगाईतून चोरलं मी.”

मंदार गेला. तुळजाजीराव पुन्हा पलंगाजवळ बसले. भवानीबाई छताकडे बघत गातच होत्या. बऱ्याच वेळाने यांनी धीर केला आणि आपला बेसूर आवाज तिच्या आवाजात मिसळला. “नीज विदू...” अडतीस वर्षांनी ते नाव त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

भवानीबाई थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, डावा हात उचलून त्यांचं तोंड घट्ट दाबून धरलं, आणि पुढची ओळ एकट्याच गायल्या.