मामांचा कडेकोट बचाव

“आरं ए, म्होरं कुठं निघालास? तिकडं जेवणावळ हाय व्हय?”

आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा फॉरवर्ड समोरच्या गोलपासून हातभर अंतरावर पोचला होता, आणि त्याच्यावर असा खेकसणारा माणूस त्याचाच कोच होता. म्हणजे माझे धाकटे मामा. बिचारा बॉल तिथंच टाकून माघारी पळत आला. ज्या कोल्हापुरात माणूस पत्ता विचारायलासुद्धा शड्डू ठोकून जातो, तिथं मामांएवढं मागं सरकणारं दुसरं कोणी जन्मालाच आलं नाही.

नव्वदच्या त्या दशकात पेठेतल्या लोकांना गोल हवे असत, मामांना मात्र ते मोठे उथळ वाटत. “गोल काय, कोणबी मारतंय. न खाता दाखवा की!” त्यांचे दहा गडी गोलपुढं अशा दाटीनं उभे राहत की वडगावच्या बाजारात जनावरंसुद्धा ऐसपैस असतात म्हणावं. अकरावा पुढं एकटाच. एकदा त्याला मॅच चालू असताना डुलकी लागली, तेव्हा विरुद्ध संघाच्या गोलकीपरनं त्याला हलवून उठवलं, “पावणं, हाफटाइम झाला.” हे मी स्वतः पाहिलंय, आणि पाहिलं नसतं तरी सांगितलंच असतं.

बरं, हा बचाव मैदानापुरता असावा की नाही? पंगतीत मामा भिंतीला पाठ लावूनच बसत आणि तांबड्या रश्श्याच्या वाटीभोवती डावा हात असा वळवत की वाढप्यालाही आत शिरायला वाट मिळू नये. एस.टी.त त्यांना शेवटचंच बाकडं लागे, कारण तिथं मागनं कोण येत नाही. गडहिंग्लजला मुलगी बघायला गेले, तेव्हा पसंती विचारणाऱ्या प्रत्येकाला “बघू की” एवढंच सांगत त्यांनी अख्खी दुपार बरोबरीत ठेवली. शेवटी पोह्यांच्या रिकाम्या बश्या उचलायला आलेल्या मुलीनंच विचारलं, “व्हय का न्हाय, एकदा सांगा. मला धार काढायची हाय.” मामांनी खाल्लेला तो पहिला गोल. मामी अजून तो रंगवून सांगते.

पण सारख्या बरोबरीला तालीम कंटाळली. एका वर्षी टायब्रेकरवर टायब्रेकर जिंकत आम्ही फायनलला पोचलो, तेव्हा तालमीच्या अध्यक्षांनी मामांना बजावलं, “कप आणलासा तर तुम्ही. न्हायतर फुडल्या साली दुसरा कोच.” मामांना मैदानाशिवाय दुसरं जग नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि फॉरवर्डलाही मागं घेतलं.

फायनलला समोर शेजारचीच पेठ. शेवटच्या मिनिटापर्यंत एकही गोल नाही. टायब्रेकर आता हाकेवर, आणि त्यात आमचा गोलकीपर वाघ. वैतागून त्यांचा अख्खा संघ, गोलकीपरसकट, आमच्या गोलवर चालून आला. त्या गर्दीतनं आमचा मधला बॅक शिवा बॉल घेऊन सुटला. शिवा गुळाच्या अड्ड्यावरचा हमाल, अंगानं रेडा, आणि मामांच्या शब्दाबाहेर पाऊल न टाकणारा. त्यानं मधली रेघ ओलांडली. पुढं सगळं मैदान रिकामं. गोल रिकामा. गॅलरी उभी राहून बोंबलत होती, “पळ शिवा, पळ!” आमचा गोलकीपर तर आयुष्यात पहिल्यांदा आपला बॅक पुढं गेलेला बघून, नीट दिसावं म्हणून पार कडेला जाऊन उभा राहिला.

आणि मामांच्या तोंडून, काही सुचायच्या आधीच, डरकाळी फुटली, “शिवाऽऽ! मागं!”

शिवा ब्रेक लागल्यासारखा थांबला. वळला. आणि शिकवलं होतं तसा त्यानं बॉल गोलकीपरकडं सणसणीत माघारी हाणला. गोलकीपर जागेवर असता तर गोष्ट वेगळी. त्या गर्दीतल्या एकाही पायाला न शिवता बॉल टप्पे घेत घेत आमच्याच जाळ्यात जाऊन बसला. मग शेजारच्या पेठेनं जो गुलाल उधळला, त्यानं जोतिबाचा डोंगर लाल झाला असता.

पुढचे आठ दिवस मामा सगळ्यांना दोष देत होते. गोलकीपरला, गवताला, वाऱ्याला. मग एका सकाळी ते मला घेऊन गुळाच्या अड्ड्यावर गेले. शिवानं पाठीवरचं ओझं खाली ठेवलं. मामा एरवी कधी न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाले, “म्होरं समदं मोकळं हुतं रं. मग थांबलास कशाला?”

शिवा घाम पुसत म्हणाला, “तुम्ही बोलिवलासा की.”